नववा ग्रुप : १३३ तासांचा घटनाक्रम

पुढचे घर, माणसे, वार आणि वेळा मी बसवलेल्या आहेत. बॅटरीच्या आत घडणाऱ्या गोष्टी मात्र बसवलेल्या नाहीत. इलेक्ट्रिक सायकलच्या पॅकमधला एक ग्रुप कमजोर झाला, त्याच्यावर घाईचा इलाज झाला आणि मग चार्जरची तार पॅकच्या संरक्षक बोर्डाला वळसा घालून जोडली गेली, तर प्रकरण याच वाटेने जाऊ शकते. आकडे बेरीज-भागाकाराचे आहेत. कागद घेऊन कोणीही ते तपासावेत.

पॅक असा आहे. चार सेल शेजारी-शेजारी जोडून एक ग्रुप, आणि असे तेरा ग्रुप एकापुढे एक. एकूण ५२ सेल. प्रत्येक सेल १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब, म्हणून बाजारात त्याला १८६५० म्हणतात. भरलेला ग्रुप ४.२ व्होल्टचा, तेरा मिळून ५४.६. चार्जरच्या पाठीवरही हाच आकडा छापलेला असतो. नवा असताना प्रत्येक ग्रुप १० अँपिअर-अवर (एएच) क्षमतेचा होता. वापरात झिजून आता बारा ग्रुपांत प्रत्येकी ९ एएच उरले आहेत. नवव्या ग्रुपची कथा वेगळी आहे. खड्ड्यांच्या धक्क्यांनी त्यातल्या एका सेलवरचा निकेल पट्टीचा स्पॉट वेल्ड सुटला. उरलेले तीन सेल चौघांचे ओझे वाहत राहिले आणि लवकर थकले. त्या ग्रुपची क्षमता आता साडेसहा एएच आहे.

आगीच्या १३३ तास आधी. शनिवार, दुपारी १:५०

पुण्यात सिंहगड रस्त्यावर, जेवणाच्या ऑर्डरी भरात असताना, डिलिव्हरी करणाऱ्या तरुणाची सायकल एकदम बंद पडते. डिस्प्ले काळा होतो. पाच मिनिटांनी बटण दाबले तर पुन्हा उजळतो, दोन काड्या दाखवतो, आणि चढ लागताच परत मालवतो. पूर्वी एका चार्जिंगमध्ये ३५ किलोमीटर व्हायचे. आता पंचवीसही होत नाहीत.

तेराही ग्रुप एका ओळीत असल्याने सकाळपासून प्रत्येकातून सारखाच करंट गेला आहे. ६.३ एएच निघून गेले तेव्हा बारा ग्रुपांत अजून २.७ एएच शिल्लक होते. नवव्यात जवळजवळ काहीच नव्हते. चढावर त्याचे व्होल्टेज २.८ पर्यंत घसरले आणि बीएमएसने, म्हणजे पॅकवर लक्ष ठेवणाऱ्या त्या हिरव्या बोर्डाने, पुरवठा तोडला. बोर्डाने आपले काम नीट केले. भार आला की बंद आणि जरा विसावा मिळाला की चालू, हे लक्षण सगळी बॅटरी म्हातारी झाल्याचे नसून बहुधा एखाद्याच ग्रुपच्या अशक्तपणाचे असते.

१२८ तास आधी. शनिवार, संध्याकाळी ६:५०

दुरुस्तीच्या दुकानात पॅकचे झाकण निघाले आहे, निळे श्रिंक कापून बाजूला ठेवले आहे. दुकानदाराचा हात बसलेला आहे. मल्टिमीटरची टोके एकेका ग्रुपवर टेकवत तो आकडे मोठ्याने वाचतो. तीन पंचावन्न. तीन पंचावन्न. तीन छप्पन्न. नवव्यावर येऊन थांबतो. तीन दहा.

“हा बघा दादा, नऊ नंबर. बॅलन्स गेलाय याचा.”

“सेल बदलावे लागतील का, भाऊ?”

“कशाला? नुसता याच एकट्याला चार्ज मारतो, बाकीच्यांच्या लेव्हलला आणतो. दोन तास थांबा.”

माझ्या मते या १३३ तासांतला सर्वांत मोलाचा तास हा आहे. आग लागण्याच्या रात्री कोणाच्याच हातात फारसे काही उरत नाही. आत्ता सगळे हातात आहे.

रिकाम्या पॅकमध्ये एक ग्रुप खाली दिसला तर त्याचे दोन अर्थ निघतात. एक, तो ग्रुप धडधाकट आहे, पण कधीतरी बाकीच्यांपेक्षा मागे पडला आणि मागेच राहिला. दुसरा, त्याचे पोटच लहान झाले आहे. तेरा हंडे मांडले आणि प्रत्येकातून एकाच मापाने पाणी काढले, तर लहान हंडा आधी रिकामा होईल. त्याच मापाने पुन्हा भरत गेले तर सगळे एकाच वेळी काठोकाठ होतील, कारण जेवढे काढले तेवढेच टाकले. म्हणून लहान ग्रुप भरलेल्या पॅकमध्ये दिसतच नाही. भरल्यावर मोजाल तर तेराही ४.१८. तो फक्त तळाशी उघडा पडतो. मागे पडलेला ग्रुप मात्र तळाशीही खाली असतो आणि वरही खाली असतो.

एकट्या रिकाम्या पॅकच्या आकड्यांवरून या दोघांतला फरक कळू शकत नाही. तो कळायला त्या संध्याकाळी पॅकला हात न लावणे हेच काम होते. बीएमएस जागेवर ठेवून, डोळ्यांसमोर, मोकळ्या जागी पॅक पूर्ण चार्ज करायचा. तासभर विसावू द्यायचा. मग तेरा आकडे पुन्हा घ्यायचे आणि आधीच्या तेरा आकड्यांशेजारी लिहायचे. त्यानंतर पॅक चोवीस तास तसाच ठेवून तिसऱ्यांदा मोजायचा.

या तीन रकान्यांत जवळजवळ सगळे निदान येते. वर आणि खाली सारख्याच दिशेने मागे असलेल्या ग्रुपला बॅलन्सिंगने खरेच बरे वाटते, फक्त त्याला वेळ लागतो. साध्या बीएमएसचा बॅलन्सिंग रेझिस्टर जेमतेम ४० मिलिअँपिअर जिरवतो, आणि तेही बहुधा ग्रुप भरत आल्यावरच. एका एएचचा फरक मिटवायला पंचवीस तास चार्जरवर राहावे लागते. वर बरोबरीत आणि तळाशी खाली असलेल्या ग्रुपला बॅलन्सिंग उपयोगाचे नाही, त्याचे सेल बदलायला हवेत. त्यातही शेजारच्या ग्रुपांच्या क्षमतेशी जुळणारे. आणि नुसता ठेवल्यावर घसरणारा ग्रुप सर्वांत काळजीचा. तेव्हा बीएमएसचा बॅलन्स वायरचा कनेक्टर काढून पुन्हा चोवीस तास बघायचे. घसरण थांबली तर दोष बोर्डात, चालूच राहिली तर दोष सेलच्या पोटात. पोटात गळती असलेला सेल पुन्हा वापरायचा नसतो.

अजून एक फसवी जागा आहे. अ‍ॅपवर किंवा बोर्डावर एक ग्रुप जास्त आणि लगतचा तेवढाच कमी दिसत असेल, दोघांची बेरीज मात्र बरोबर असेल, तर सेल ठीक असून त्यांच्यामधली बारीक सेन्स वायर गंजलेली असू शकते. पावसाळ्यानंतर असे होते. मीटर थेट निकेल पट्टीवर लावला की खरे-खोटे कळते. आणि आपल्या नवव्या ग्रुपचे मूळ तर याहून सोपे होते. पट्टी प्रत्येक सेलपाशी अलगद उचलून बघितली असती, तर चौथ्या सेलवरून ती सुटी निघाली असती.

दुकानदाराने यातले काही केले नाही. त्याला हे शिकवणारे कोणी भेटले नसावे. रात्री आठला पुढचे गिऱ्हाईक आहे, आणि बॅटरी दोन दिवस ठेवून घ्यायची म्हणजे या मुलाची दोन दिवसांची कमाई बुडते, हेही खरे आहे.

१२६ तास आधी. शनिवार, रात्री ८:५०

नवव्या ग्रुपमध्ये सुमारे दोन एएच भरले गेले. मीटर आता तेराही ठिकाणी ३.५५ दाखवतो. दिसायला सुंदर.

पण या क्षणी पॅकची मांडणी उलटी झाली आहे. आतापर्यंत तेराही ग्रुप वरच्या टोकाला बरोबरीत होते आणि तळाशी वेगळे. आता ते तळाशी बरोबरीत आहेत, म्हणजे वर वेगळे होणार. लहान हंडा अर्धवट भरलेल्या बाकीच्या हंड्यांइतक्याच उंचीला आणून ठेवला आणि पुन्हा सगळ्यांत सारखे पाणी ओतायला घेतले, तर आधी तोच ओसंडेल. तळाशी खाली जाणारा ग्रुप रेंज घालवतो. वर ओसंडणारा ग्रुप पेट घेऊ शकतो.

१२२ तास आधी. रविवार, रात्री १२:५०

पॅक साडेदहाला २ अँपिअरच्या चार्जरला लावला होता. नवव्या ग्रुपला भरायला साडेचार एएच पुरले. बाकीचे तेव्हा ८० टक्क्यांवर, सुमारे ४ व्होल्टला होते. नववा ४.२५ ला पोहोचला आणि बीएमएसने चार्जिंग तोडले. चार्जरचा दिवा वेळेच्या बराच आधी हिरवा झाला. बारा चोक अठ्ठेचाळीस आणि वर सव्वाचार, म्हणजे ५२.२५ व्होल्ट. ५४.६ नाहीत.

पॅकने इथे दुसऱ्यांदा इशारा दिला.

११० तास आधी. रविवार, दुपारी १२:५०

“भाऊ, आता तर फुलच होत नाही. एक काडी कमीच राहते. रेंज पण तेवढीच.”

रेंज तेवढीच राहणार होती. एका ओळीतला पॅक सर्वांत लहान ग्रुपपेक्षा जास्त देऊच शकत नाही, बॅलन्स वरून करा की खालून. दुकानदाराला मात्र बीएमएस खराब वाटतो. “बोर्ड मधेच ट्रिप मारतोय. याला बायपास देतो.” या बोर्डावर चार्जिंगची वाट वेगळी आणि मोटरची वाट वेगळी आहे. चार्जरची काळी तार ‘सी मायनस’ नावाच्या पॅडवर असते, मोटरची ‘पी मायनस’वर. चार्जिंग तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच फक्त पहिल्या वाटेवर बसवलेला आहे. दुकानदार डाग काढतो, काळी तार दुसऱ्या पॅडवर नेतो, कथील लावतो. पाच मिनिटांचे काम. खाली तोडणारे संरक्षण तसेच चालू राहते, त्यामुळे सायकल नेहमीसारखीच वागते. वर तोडणारे संरक्षण गेले आहे आणि ते गेल्याचे घरात कोणाला कळण्याचा काही मार्ग नाही.

कायद्याची नजरही या टेबलापर्यंत पोचत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात देशात दुचाकींच्या बॅटऱ्यांना एकामागून एक आगी लागल्या. पुण्यात रस्त्याकडेची स्कूटर पेटली, नाशिकमध्ये कंटेनरमधल्या स्कूटरी जळाल्या. त्यानंतर केंद्राने एआयएस-१५६ हे मानक कडक केले आणि १ डिसेंबर २०२२ व ३१ मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू केले. ते वाहन कारखान्यातून निघताना पाळायचे मानक आहे, आणि पाव किलोवॉटहून कमी शक्तीची, ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणारी सायकल मुळात मोटार वाहन धरलीच जात नाही. न्यूयॉर्क शहराने २०२३ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. वापरलेल्या सेलपासून पॅक पुन्हा जुळवून विकायलाच तिथे बंदी केली. आपल्याकडेही दुरुस्तीच्या टेबलासाठी नियम आणि त्याआधी प्रशिक्षण हवे, असे मला ठामपणे वाटते. नुसती बंदी घातली तर हेच काम अधिक अंधाऱ्या खोलीत होईल.

९८ तास आधी. सोमवार, रात्री १२:५०

बायपासनंतरची पहिली रात्र. नऊला चार्जिंग सुरू झाले. बारा वाजून दहा मिनिटांच्या सुमारास नववा ग्रुप भरला. कोणी तोडले नाही. चार्जरला तेरा ग्रुप दिसत नाहीत, त्याला फक्त बेरीज कळते, आणि बेरीज अजून ५२ वर आहे. तो २ अँपिअर ढकलत राहतो. चाळीस मिनिटांत बारा ग्रुप ४.१४ च्या आसपास गेले आणि नववा ४.८ च्या. आता बेरीज साडेचोपन्न. चार्जर समाधानाने हात आखडता घेतो. बीएमएसचा बॅलन्सिंग रेझिस्टर इमानाने ४० मिलिअँपिअर जिरवतो आहे, पण येणारा करंट त्याच्या पन्नासपट होता.

४.२ च्या वर सेलमध्ये काय होते? लिथियमचे आयन ज्या ग्रॅफाइटच्या थरांत शिरून बसतात, तिथे जागा उरत नाही. मग ते पृष्ठभागावर धातू होऊन साचतात. दुसऱ्या बाजूच्या ध्रुवातून गरजेपेक्षा जास्त लिथियम ओढले गेल्याने त्याची रचना डळमळते. मधला द्रव विघटित होऊन वायू तयार करतो. यातले काही त्या रात्री बाहेर दिसत नाही. सकाळी सायकल चालते. डिस्प्लेवर सगळ्या काड्या. मुलगा दुकानदाराला फोन करून सांगतो की काम मस्त झाले.

४४ तास आधी. बुधवार, सकाळी ६:५०

आणखी दोन रात्री अशाच गेल्या आहेत. चार्जर काढून बराच वेळ झाला तरी पॅक एका बाजूला किंचित कोमट लागतो. आई विचारते, “अरे, कसला वास येतोय रे? नेलपॉलिश सांडलंय का कुठं?” खिडकी उघडतात, वास जातो.

तो वास इलेक्ट्रोलाइटचा, म्हणजे सेलमधल्या द्रवाचा आहे. गोडसर, सॉल्व्हंटसारखा. ठणठणीत सेलला वास नसतो. एखाद्या सेलने थोडा वायू बाहेर सोडला आहे.

या सकाळी कोणी मीटर लावला असता तर काय दिसले असते? साचलेल्या धातूने नवव्या ग्रुपच्या पोटात बारीक गळती सुरू केली आहे. रात्री ४.८ ला असलेला ग्रुप घसरत घसरत खाली येतो आहे आणि घसरताना तो बाकीच्यांच्या आकड्याजवळून जातो. नेमक्या त्या वेळी मोजले तर पॅक उत्तम बॅलन्समध्ये दिसेल. एकदा मोजून निदान करणाऱ्याला बॅटरी दुसऱ्यांदा फसवते. दोन तासांनी पुन्हा मोजणाऱ्याला फसवू शकत नाही.

ही शेवटची सुरक्षित वेळ. वास आला, चार्जिंग नसताना उब लागली, बाजू फुगली, यांपैकी एक जरी झाले तर पॅक चार्जरला लावायचा नाही, उघडायचा नाही, घरात, कपाटात किंवा जिन्यात ठेवायचा नाही. उघड्यावर, भिंतीपासून आणि वाहनांपासून दूर न्यायचा आणि विक्रेत्याला उचलायला लावायचा. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी वापरून झालेल्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. घंटागाडीत टाकलेला असा पॅक सफाई कामगाराच्या हातात फुटतो, हे कोणी विसरू नये.

९ तास आधी. गुरुवार, संध्याकाळी ५:५०

सायकल वीस किलोमीटरवरच बंद पडली. गळतीने नवव्या ग्रुपातले बरेचसे असेच वाया जाते आहे. मुलगा ठरवतो, रविवारी दुकानात जायचे.

५ तास आधी. गुरुवार, रात्री ९:५०

पॅक खोलीच्या दाराशी, चपलांच्या स्टँडशेजारी चार्जिंगला. तिसऱ्या मजल्यावरचे वन रूम किचन. घरात चौघे. प्लग तिथेच आहे, म्हणून जागाही तीच. बाहेर जायचा रस्ता एकच, आणि त्याच रस्त्यावर पॅक आहे.

१ तास आधी. शुक्रवार, पहाटे १:५०

नववा ग्रुप एकनंतर लगेच भरला होता. आता तो पुन्हा ४.८ च्या आसपास आहे. चांगल्या प्रतीच्या १८६५० सेलच्या टोपीखाली एक चकती असते. आतला दाब वाढला की ती उचलली जाते आणि सेलचे नाते तोडते. तीन सेलपैकी एकाची चकती आता उचलली गेली. तो सेल सुटला, पण त्याच्या वाट्याचा करंट उरलेल्या दोघांवर आला. चौघांचे काम तिघांवर आल्यापासून जे सुरू झाले होते, ते आता दोघांवर येऊन ठेपले.

१२ मिनिटे आधी. पहाटे २:३८

दोघांपैकी एका सेलमध्ये साचलेल्या धातूचा एक टोकदार कोंब दोन ध्रुवांमधल्या पातळ प्लास्टिकच्या पडद्यातून आरपार जातो. आतल्या आत शॉर्ट. शेजारचा सेल समांतर जोडलेला असल्याने आपला सगळा साठा या छिद्रात ओतू लागतो. ग्रुपच्या आतला हा प्रवाह बीएमएसच्या कोणत्याच वाटेवरून जात नाही. काळी तार मूळ जागी असती तरी या मिनिटाला बोर्ड तो थांबवू शकला नसता.

शॉर्टमुळे नवव्या ग्रुपचे व्होल्टेज खाली येते, बेरीज ५४.६ च्या खाली येते, आणि चार्जर आपले कर्तव्य समजून करंट पुन्हा वाढवतो.

३ मिनिटे आधी. पहाटे २:४७

सेलच्या आत ऐंशी-नव्वद अंशांच्या पुढे ग्रॅफाइटवरचा संरक्षक थर सुटू लागतो आणि स्वतःच उष्णता देतो. एकशेतीसच्या आसपास पडदा वितळतो, दोन्ही ध्रुव समोरासमोर येतात. इथून पुढे चार्जर भिंतीतून उपसला तरी उपयोग नाही. सेलला तापायला आता बाहेरच्या विजेची गरज उरलेली नाही. आणखी तापल्यावर धन ध्रुवातून ऑक्सिजन सुटतो. आग लागायला जे लागते ते सगळे त्या अठरा मिलिमीटरच्या डबीत हजर आहे.

१ मिनिट आधी. पहाटे २:४९

एक फट्ट असा आवाज, मग सुस्कारा. दाराशी पांढरा ढग. झोपेतून उठलेल्या माणसाला ती वाफ वाटते. त्यात हायड्रोजन आहे, कार्बन मोनॉक्साइड आहे, ज्वालाग्राही द्रवाचे तुषार आहेत आणि हायड्रोफ्लुओरिक आम्लाचे विष आहे. या मिनिटात दाराकडे जाता येते. दिवा लावून, काय झाले ते बघत उभे राहिले की ते मिनिट संपते.

शून्य. शुक्रवार, पहाटे २:५०

ढग पेटतो. सेलच्या टोपीतून ज्वाळेचा झोत निघतो आणि शेजारच्या ग्रुपवर बसतो. नववा ग्रुप शून्यावर गेला आहे, त्यामुळे चार्जरला ५४.६ व्होल्ट आता बारांतूनच गाठायचे आहेत. प्रत्येकी ४.५५. काही क्षणांपूर्वीपर्यंत निरोगी असलेले ग्रुपही आता वरून ढकलले जात आहेत आणि बाजूने भाजले जात आहेत. ५२ सेल, एकामागून एक. काही जागेवर फुटतात, काही पेटलेले खोलीभर उडतात. चपलांचा स्टँड, पडदा, गादी.

दार गेले. चौघे स्वयंपाकघराच्या गॅलरीत जातात आणि मधला दरवाजा ओढून घेतात. गॅलरीला ग्रिल आहे, उघडायची सोय नसलेले.

या घरातली माणसे वाचतात, कारण घर मी बसवलेले आहे आणि तेवढे माझ्या हातात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये वसईत घरात चार्जिंगला लावलेल्या स्कूटरच्या बॅटरीचा स्फोट झाला आणि सात वर्षांचा एक मुलगा भाजून गेला. त्याच महिन्यात सिकंदराबादला इलेक्ट्रिक स्कूटरच्या शोरूममधून उठलेली आग आणि धूर वरच्या हॉटेलात शिरला, आठ माणसे गेली. २० जून २०२३ च्या मध्यरात्रीनंतर न्यूयॉर्कच्या चायनाटाउनमध्ये ई-बाइक दुरुस्तीच्या दुकानातल्या आगीने वर झोपलेल्या चौघांचा जीव घेतला. त्या एका वर्षात त्या एका शहरात अशा बॅटऱ्यांच्या २६८ आगी आणि १८ मृत्यू नोंदले गेले. या सगळ्या बॅटऱ्यांत असंतुलनच होते असे मी म्हणत नाही. खराब झालेली बॅटरी, बंद घर आणि झोपेची वेळ एकत्र आली की किती थोडा अवकाश उरतो, एवढे या आकड्यांवरून दिसते.

२५ मिनिटांनंतर. पहाटे ३:१५

१०१ वर फोन गेला होता. जवान ग्रिल कापतात. मुलाचे हात भाजले आहेत, कारण त्याने आधी पावडरचा सिलिंडर मारून पॅक विझवायचा प्रयत्न केला. पावडरने ज्वाळा क्षणभर दबली, सेल थंड झाले नाहीत, आणि दुसरा झोत त्याच्या अंगावर आला. अशा पॅकला लागते ते भरपूर पाणी, आणि तेही बराच वेळ. जवान विझलेला पॅक जिन्यातून खाली नेत असताना मधल्या मजल्यावर तो पुन्हा पेटतो. काही सेलांत अजून साठा आहे. शेवटी त्याला पाण्याच्या पिंपात बुडवतात.

९ तासांनंतर. शुक्रवार, सकाळी ११:५०

पंचनामा. कारणाच्या रकान्यात ‘बॅटरीचा स्फोट, शॉर्ट सर्किट’ लिहून फाइल बंद करणे सोपे आहे. त्यापुढे जायला हवे. जळालेल्या बोर्डाचे काचेचे कापड आणि तांब्याच्या रुंद रेषा उरतात. त्यावर पॅड ओळखता येतात, कथिलाचे डाग बघता येतात, दुकानदाराला आणि मुलाला काय केले होते ते विचारता येते. हे विचारणे कोणाला तुरुंगात टाकण्यासाठी मला नको आहे. ज्या टेबलावर या पॅकची तार वळवली गेली, त्याच टेबलावरून त्याच सवयीने वळवलेले आणखी पॅक बाहेर गेले असतील, आणि आज रात्री ते कुठल्या ना कुठल्या दाराशी चार्जिंगला लागणार आहेत. दुकानदाराच्या फोनमध्ये त्या गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. पंचनामा आटोपायच्या आत त्या सगळ्यांना फोन लावायचे आहेत : चार्जर लावू नका, पॅक उघड्यावर ठेवा, आम्ही न्यायला येतो.